बंदूक मागणाऱ्यांच्या घरी

माझ्या नोकरीचं नाव मराठीत सांगायची वेळ आली की मी अजून अडखळते. इंग्रजीत ते फायरआर्म्स एन्क्वायरी ऑफिसर. नागपूरला माझ्या सासूबाई शेजारपाजारी सांगायच्या, "आमची सून तिकडं लायसनच्या खात्यात आहे." ऐकणाऱ्यांना वाटायचं आरटीओ. एका काकूंचा नातू शिकायला इंग्लंडला निघाला, तेव्हा त्याच्या ड्रायव्हिंग लायसनचं बघावं म्हणून त्यांनी माझ्या नावानं चिवड्याचा डबा पाठवला होता. चिवडा उत्तम होता, म्हणून मी खुलासा केला नाही. शिवाय बंदूक मागणाऱ्या माणसांच्या घरी सून एकटी जाते हे कळलं असतं, तर सासूबाईंनी त्याच दिवशी मुलाला फोन लावला असता.

मँचेस्टरच्या उत्तरेला, जिथं वस्ती संपून माळ आणि मेंढ्या सुरू होतात, तिथल्या पोलिसांच्या परवाना विभागात मी बरीच वर्षं हे काम केलं. मी पोलीस नव्हते. गणवेश नाही, दंडुका नाही. गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल आणि गाडीच्या डिकीत गमबूट. नवरा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून आला, त्याच्यामागून मी आले. आधी पोलिसांच्या ऑफिसात टायपिंग केलं. मग एके दिवशी आमचे साहेब ब्रायन यांनी विचारलं, "तुला लोकांशी बोलायला आवडतं का?" मी हो म्हटलं. नागपूरच्या माणसाला हा प्रश्न विचारायची खरं तर गरज नव्हती.

या देशात बंदुका असतात हेच आपल्याकडच्या पुष्कळांना ठाऊक नसतं. पिस्तूल बाळगणं कायद्यानं बंद झालंय. पण शेतकऱ्याकडं कावळे आणि कबुतरं आवरायला शॉटगन, म्हणजे छऱ्यांची बंदूक, असते, आणि क्लबात जाऊन मातीच्या चकत्या फोडणारे हौशी लोक असतात. यंत्र चकती हवेत भिरकावतं, आपण ती उडता उडता फोडायची. तिला इथले लोक मातीचं कबूतर म्हणतात. जीव जात नाही, आवाज भरपूर होतो, आणि मग सगळे मिळून चहा पितात.

परवाना हवा असेल तर अर्ज भरायचा, फोटो जोडायचे आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या एका प्रतिष्ठित माणसाची सही आणायची. डॉक्टर, वकील, पाद्री, असं कुणीतरी. त्यानं लिहून द्यायचं की मी या माणसाला निदान दोन वर्षं ओळखतो आणि याला बंदूक द्यायला माझी हरकत नाही. मग मी घरी जाणार. लोखंडी कपाट भिंतीत बोल्टनं बसवलंय ना, ते दोन्ही हातांनी हलवून बघणार. किल्ली कुठं ठेवणार ते विचारणार. किल्ली फक्त परवानाधारकाकडं हवी, बायकोला ती कुठं असते हेही माहीत नसावं, असा नियम. आणि मग बसून गप्पा. कपाट कुणीही बघू शकतं, माझा पगार होता तो गप्पांचा. परत येऊन मी शिफारस लिहायची, निर्णय ऑफिसचा. नकार आला तर माणूस कोर्टात जाऊ शकतो.

परदेशी माणसाला हे सगळं असंच लागू. नागरिकत्व लागत नाही, अर्ज तोच. पण दोन ठिकाणी गाडी अडते. त्याचं आधीचं आयुष्य दुसऱ्या देशात गेलेलं असतं, तेव्हा तिथल्या पोलिसांचा दाखला मागवावा लागतो. आणि दुसरं म्हणजे, नव्यानं आलेल्या माणसाला इथं दोन वर्षं ओळखणारं कोण असतं?

ठाण्याचे एक तरुण इंजिनियर होते. त्यांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, कुटुंबाचं आणि दागिन्यांचं संरक्षण. सोबत त्यांच्या वॉर्डातल्या नगरसेवकांचं पत्र, गोल शिक्क्यासकट: सदर गृहस्थ सुस्वभावी व निर्व्यसनी असून त्यांना बंदूक देण्यास हरकत नसावी. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"मॅडम, तुम्ही मराठी आहात म्हणून मोकळेपणी विचारतो. या कामासाठी नेमकं कुणाला भेटावं लागेल?"

"मलाच."

"मग झालं की. आणि पुढं?"

"पुढं मी नाही म्हणणार."

भारतात जिवाला धोका आहे असं सांगितल्याशिवाय परवान्याचं नाव निघत नाही. इथं संरक्षणासाठी हवी म्हटलं की दार बंद. हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांना ते पटेना.

"म्हणजे घरात चोर शिरला तर?"

"नऊशे नव्व्याण्णवला फोन करायचा."

"आणि पोलीस येईपर्यंत?"

"येईपर्यंत मलासुद्धा भीतीच वाटते हो," मी म्हटलं. त्यावर ते मनापासून हसले आणि बंदुकीऐवजी त्यांनी बर्गलर अलार्म बसवला. नगरसेवकांचं पत्र ब्रायननं माझ्याकडून इंग्रजीत करून घेतलं. त्यातला 'सदर' मला काही केल्या नीट उतरवता आला नाही.

कोल्हापूरचे एक हाडांचे डॉक्टर होते, त्यांच्याकडं रीतसर शॉटगन होती. खंडेनवमीला ती कपाटातून काढून देवापुढं ठेवली तर चालेल का, असं त्यांनी आधी पत्र पाठवून विचारलं. घरी पाहुणे येणार, आरती होणार, आईसाहेब कोल्हापूरहून आलेल्या. मी ब्रायनला शस्त्रपूजा म्हणजे काय ते सांगितलं. ते बराच वेळ पेन चावत बसले. मग म्हणाले, "तो स्वतः त्या खोलीत हजर असेल, बंदूक रिकामी असेल आणि पूजा झाली की लगेच कुलपात जाईल, तर माझी हरकत नाही. देवीला रिकामी चालते का तेवढं विचारून घे." देवीला चालली. फक्त नळीला लावलेलं कुंकू नीट पुसलं नव्हतं आणि पुढच्या तपासणीला मला तिथं गंज दिसला. त्याबद्दल मी डॉक्टरांना सुनावलं.

असे किस्से सांगायला गेले तर एक अख्खी वही भरेल. पण हा लेख लिहायला मी बसले ती एका वेगळ्या घरासाठी. त्या घरात माझी चूक झाली, आणि ती निस्तरली, याचं मला आजही इतकं हायसं वाटतं की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी भिडेबद्दल बोलायला हवं. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते आपण पाठ करतो आणि जन्मभर भीड पाळतो. आमच्या भागातल्या महाराष्ट्र मंडळात एक ज्येष्ठ डॉक्टर होते, सगळे त्यांना डॉक्टरकाका म्हणत. निवृत्त, सज्जन, गणपतीला अथर्वशीर्ष तेच म्हणणार. पासपोर्टच्या फोटोमागं सही हवी, काकांकडं जा. शाळेच्या अर्जावर हवी, काकांकडं जा. काकांनी कुणालाही नाही म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं. लहानपणापासून आपण बघतो ना, ओळख ना देख, अटेस्टेशनला गेलं की साहेब मान वर न करता सही ठोकतात. काका तसे बेफिकीर नव्हते. त्यांना फक्त नाही म्हणता येत नव्हतं.

तर २००४ च्या आसपासची, जुलै महिन्यातली गोष्ट. ब्रायननं एक फाइल माझ्यापुढं ठेवली. "तुझ्या गावचा दिसतोय."

"हा साताऱ्याचा," मी म्हटलं. "साताऱ्यापासून नागपूर तुमच्या लंडन-एडिंबरापेक्षा लांब आहे."

अर्जदार हेमंत, वय त्रेचाळीस, सॉफ्टवेअरमधले, चार वर्षं इथं वर्क परमिटवर. ऑफिसातल्या सहकाऱ्यांबरोबर क्लबात जाऊन चकत्या फोडायची गोडी लागली, म्हणून शॉटगन हवी. दोन वर्षं ओळखणाऱ्या माणसाची सही डॉक्टरकाकांची. काकांना मी ओळखते हे मी ब्रायनला सांगितलं. ते म्हणाले, फाइलमध्ये तसं लिही आणि जा. अर्ज मार्चमध्ये भरलेला होता. आमच्याकडं ढीग साचलेला, म्हणून जुलै उजाडला होता.

घर नीटनेटक्या रस्त्यावरचं होतं. दोन्ही बाजूंच्या घरांपुढचं गवत गालिच्यासारखं कापलेलं, आणि यांच्यापुढचं गुडघाभर वाढलेलं. इंग्लंडमध्ये अशा रस्त्यावर राहून गवत न कापणं म्हणजे आपल्याकडं दिवाळीत दाराशी पणती न लावणं. माझ्या ते लक्षात आलं होतं. मी ते लिहिलं नाही.

हेमंतनी दार उघडलं. कडक इस्त्रीचा शर्ट. "या या. घर सापडलं ना लगेच?" आत गेल्यावर त्यांची पत्नी मेधा पोह्यांची बशी घेऊन आली. अर्जदाराकडं खायचं नाही असा माझा नियम, मी फक्त चहा घेतला. जिन्याखालच्या कपाटात लोखंडी कपाट बसवलेलं होतं, चार बोल्ट, मी हलवून बघितलं तर तसूभर हललं नाही. सगळी कागदपत्रं प्लास्टिकच्या पाकिटांत, प्रत्येकावर नंबर. साताऱ्याच्या पोलिसांचा दाखला तर न मागता आणून ठेवलेला. इतकी नेटकी फाइल मी गोऱ्या अर्जदारांकडंसुद्धा क्वचित पाहिली होती. मला आपल्या माणसाचा अभिमान वाटला आणि तिथंच माझी नजर मंदावली.

मी फाइल उघडली आणि आम्ही दोघं आपोआप इंग्रजीत शिरलो. आधी कपाट, मग क्लब. शेवटचं शूटिंग कधी केलं, तर मार्चमध्ये. मग आरोग्याचा प्रश्न आला.

"फॉर्म भरल्यानंतर हेल्थमध्ये काही चेंज? डिप्रेशन, अँक्झायटी, एनिथिंग लाइक दॅट?"

"नो. नथिंग लाइक दॅट," ते म्हणाले आणि हसले. मी खूण केली.

मेंढपाळांच्या घरी याच प्रश्नाला मी पेन खाली ठेवत असे. म्हातारा एकटा असेल तर विचारत असे की बायको गेल्यापासून कसं चाललंय, जेवतोस का, सकाळी उठावंसं वाटतं का. बंदूक असलेल्या घरात सगळ्यात जास्त धोका बहुतेक वेळा चोराला नसतो, घरातल्याच माणसाला असतो. माझ्या नोकरीचा हा पहिला धडा होता. पण समोर आपला मराठी माणूस बसला, बायको चहा देतेय, आणि त्याच्या मनात हात घालायची मला लाज वाटली. इंग्रजीत विचारलं की दोघांचीही लाज राहत होती.

सगळं व्यवस्थित आहे, असं सांगून मी निघाले तेव्हा मेधा म्हणाली, "ताई, दोन मिनिटं आत या ना. सवाष्ण तशीच जाऊ नये, कुंकू लावते." अर्जदाराकडून भेटवस्तू घ्यायची नाही हे नियमात होतं, कुंकवाबद्दल काही नव्हतं. हेमंत बाहेरच्या खोलीत पाकिटं आवरत होते. स्वयंपाकघरात फळीवर छोटा देव्हारा होता. तिनं हळद लावली, कुंकू लावलं, आणि माझ्याकडं न बघता हळूच म्हणाली, "ताई, ते कपाट आहे ना, त्याची किल्ली माझ्याकडं ठेवली तर चालेल? आमच्याकडं सगळ्या किल्ल्या माझ्याकडंच असतात."

मी नेहमीचं उत्तर दिलं. नाही, किल्ली फक्त त्यांच्याकडं. ती कुठं असते हे तुम्हाला माहीतही नसलं पाहिजे.

तिनं कुंकवाचा करंडा बंद केला. "मग मी घराबाहेर पडू कशी?"

"म्हणजे?"

"काही नाही हो. असंच." आणि मोठ्यानं, बाहेर ऐकू जाईल असं म्हणाली, "परत या हं ताई, जेवायला या."

गाडीत बसल्यावर मला ते वाक्य उलगडलं. त्या बाईला तिच्या नवऱ्याला आणि त्या किल्लीला एका घरात ठेवून भाजी आणायलासुद्धा जायची भीती वाटत होती.

त्याच क्षणी गाडीतून उतरून परत जायला हवं होतं. मी गेले नाही. तिचं वाक्य रिपोर्टात लिहावं, तर नकाराविरुद्ध ते कोर्टात गेले की तेच कागद त्यांच्या हातात पडणार आणि बायकोनं आपल्याला पोलिसांत सांगितलं हे त्यांना कळणार. न लिहावं, तर उरलेला कागद स्वच्छ, आणि परवाना मिळणार. मी फाइल खणात ठेवली आणि नऊ दिवस दुसरी कामं करत राहिले. बंदूक अजून घरात आलेली नाही, घाई कसली, अशी मी माझी समजूत घालत होते. तो माणूस त्या नऊ दिवसांत कसा होता याचा विचार मी केला नाही, याची रुखरुख मला आहे आणि राहील.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण वाचकाला टांगून ठेवायला मला आवडत नाही. हेमंत आज ठणठणीत आहेत. नावं आणि खुणा बदलून लिहायला त्यांनी आणि मेधानं मला होकार दिलाय. त्या वर्षी डिसेंबरात त्यांना लंडनमधल्या हाउन्सलोला विमानतळाजवळच्या एका माल वाहतूक कंपनीत नोकरी मिळाली आणि ते तिकडं राहायला गेले.

दहाव्या दिवशी मी डॉक्टरकाकांकडं गेले. सही करणाऱ्याला भेटायचा मला अधिकारच होता.

"काका, हेमंतना तुम्ही किती ओळखता?"

"चांगला मुलगा आहे. ढोल काय वाजवायचा गणपतीत."

"वाजवायचा म्हणजे? आता नाही?"

काकांनी चष्मा काढला. "अगं, एप्रिलपासून मंडळात फिरकला नाही. मी एकदा फोन केला तर नुसता हं हं करत होता. त्याच्या कंपनीनं तो प्रोजेक्ट बंद केला म्हणे. परमिट कंपनीच्या नावावर. दुसरीकडं नाही लागला तर पोरांच्या परीक्षा अर्ध्यावर सोडून गाशा गुंडाळायचा."

"हे तुम्हाला माहीत होतं, तर आम्हाला कळवायचं नाही का?"

"सही केली तेव्हा तो अगदी बरा होता गं. आता उगाच कसं कळवणार? त्याला काय वाटेल?"

"आणि काका, तुम्हाला काय वाटतं?"

डॉक्टरकाका चाळीस वर्षं डॉक्टर होते. त्यांनी मला जे सांगितलं ते डॉक्टर म्हणून सांगितलं. "आत्ता त्याच्या घरी बंदूक नको," ते म्हणाले. आणि मग, "तू माझं नाव नको हं सांगू." मी त्यांच्यावर चिडले होते, पण तोंडानं काही बोलले नाही, कारण तीच भीड मी पण दहा दिवस बाळगली होती.

ऑफिसात येऊन मी ब्रायनना सगळं सांगितलं, किल्लीचं वाक्यही. म्हटलं, कागदावर हे कसं आणू ते कळत नाही.

ते म्हणाले, "कागदाचं मी बघेन. तू त्या माणसाला विचारलंस का?"

"विचारलं. नो म्हणाला."

"तुमच्या भाषेत विचारलंस?"

हा इथल्याच लँकशायरचा, जन्मात कधी परदेशी न राहिलेला माणूस मला हे विचारत होता. मी मानेनंच नाही म्हटलं. ते म्हणाले, "मग तू अजून इथं काय करतेस?"

मी फोन करून गेले, एक मुद्दा राहिलाय म्हणून. या वेळी दार उघडायला वेळ लागला. शर्ट तोच असावा, इस्त्री नव्हती. मी सोफ्यावर बसले, फाइल पिशवीतून काढलीच नाही. मेधा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी तिच्याकडं बघितलंही नाही.

"हेमंत," मी म्हटलं, "मागच्या वेळी मी तुम्हाला एक प्रश्न इंग्रजीतून विचारला. तो मी तुम्हाला नीट विचारला नाही. आज मराठीत विचारते. नोकरीचं मला कळलंय. कुणाकडून ते विचारू नका, मंडळात काही लपत नाही. तुमचं मन कसं आहे? जीव नकोसा झालाय का?"

असा प्रश्न मी मराठीत आयुष्यात पहिल्यांदा विचारत होते. माझा आवाज माझाच वाटेना. ते मान खाली घालून बसले होते. बाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र चालू होतं, ते बंद झालं, तरी ते बोलले नाहीत. मी काहीच बोलले नाही. हे मात्र मला नोकरीनं शिकवलं होतं.

मग ते म्हणाले, "ताई, ही बंदूक मिळू नये यासाठी काय करावं लागतं?"

मला नीट ऐकू आलं होतं, तरी मी विचारलं, "काय म्हणालात?"

"मार्चमध्ये खरंच चकत्या फोडायला हवी होती हो. सगळे मित्र जात होते. मग नोकरी गेली. मग हळूहळू ती कशाला हवीय हे मला कळायला लागलं, आणि मी घाबरलो. रोज वाटायचं, तुमचं नकाराचं पत्र येईल. तुम्ही आलात तर म्हणालात, सगळं व्यवस्थित आहे."

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. सगळं व्यवस्थित आहे, असं मी म्हणाले होते.

"अर्ज मागं का नाही घेतलात?"

"कारण काय लिहिणार? पोलिसांकडं कारण लिहून द्यायचं म्हणजे रेकॉर्ड झालं. डॉक्टरकडं जायचं तर तिथं रेकॉर्ड. उद्या परमिटच्या वेळी ते बघतील आणि म्हणतील, हा वेडा आहे, याला परत पाठवा. पोरांचं काय?"

म्हणजे एका चुकीच्या समजापायी हा माणूस चार महिने तोंड शिवून बसला होता. परदेशात आलेल्या आपल्या कितीतरी लोकांच्या मनात हा धाक असतो, की इथं एका खिडकीवर आजार सांगितला की तो सगळ्या खिडक्यांवर पोचतो. मी त्यांना सांगितलं की अर्ज मागं घ्यायला कारण लागत नाही, दोन ओळी पुरतात. जीपीकडचा, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडचा, कागद परमिटच्या ऑफिसला जात नाही. त्यांनी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "माझा नवरा डॉक्टर आहे, रोज असेच कागद लिहितो. नक्की."

मी पिशवीतून कोरा कागद काढला. त्यांनी दोन ओळी लिहिल्या, सही केली, तारीख घातली. कागद माझ्याकडं देताना त्यांनी असा श्वास सोडला की मलाही मोकळं वाटलं. मेधाचं नाव कुठंच आलं नाही. डॉक्टरकाकांचंही नाही. ब्रायन नंतर म्हणाले की अर्जच राहिला नाही तर रिपोर्ट कसला लिहायचा. नियमाप्रमाणे मी ते वाक्य पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं हे मला मान्य आहे. तो दोष माझा.

माझं सरकारी काम तिथं संपलं होतं. पण मी उठले नाही. म्हटलं, "आता जीपीला फोन लावा. मी बसते."

"उद्या लावतो."

"आत्ता. मी चहा घेते तोवर. आज पोहेही खाईन, आज तुम्ही अर्जदार नाही."

ते पहिल्यांदा थोडंसं हसले. फोन भिंतीपाशी होता. त्यांनी नंबर फिरवला, बराच वेळ वाट बघितली, नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली. पलीकडून रिसेप्शनिस्टनं काहीतरी विचारलं. या देशात त्या बाईला ओलांडून डॉक्टरपर्यंत पोचणं किती अवघड असतं ते इथं राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. हेमंत एकदम थांबले. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं.

"मेधा, ती विचारतेय, किती अर्जंट आहे. काय सांगू?"

चार महिन्यांत त्यांनी तिला पहिल्यांदा काही विचारलं होतं. तिनं दाराची चौकट घट्ट धरली होती.

"आजच," ती म्हणाली. "आजच बघा म्हणावं."

त्यांनी हात काढला आणि सांगितलं. सव्वापाचची वेळ मिळाली.